लहानपणापासून इंडोलंट

आमच्या अकोल्याच्या घरात कूलरची टाकी भरणं हे माझं काम होतं. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. सुटीच्या दिवसांत दुपारी जेवून आडवे होताना मला बजावायचे, "टाकी पाहजो." मी पाहायचो, पण पडल्या पडल्या. एकदा पाहता पाहता डोळा लागला. पाणी संपलं, पंप जळला आणि सगळं घर घामाघूम होऊन उठलं.

"इंडोलंट!" बाबा ओरडले.

आळशी म्हणायची त्यांना सोय नव्हती. "माह्या लेकराले आयशी म्हणू नका," असं म्हणत आई भांडायला उभी राहायची. इंग्रजीत म्हटलं की तिला कळायचं नाही. मलाही नाहीच कळलं. सार्जंट, सुपरिंटेंडंट, तसंच काहीतरी असावं, असं वाटून मी शेजारच्या काकूंना सांगून आलो, "बाबांनी मला इंडोलंट केलं."

"अगं बाई! कोनत्या खात्यात?" काकू म्हणाल्या. "मंग पेढे कुठी हायेत?"

पेढे निघाले नाहीत, पण नाव चिकटलं. पुढे अर्थही कळला, तरी मी काही सुधारलो नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या मानेला गाठ आली. मी आता अमरावतीत असतो, म्हणून त्यांना इकडेच बोलावून घेतलं. तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट यायचा होता तोवर बाबा पेपर उलटा धरून वाचायचे आणि मी तो सुलटा करायचो नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "इंडोलंट आहे."

"हो डॉक्टर," मी सवयीनं म्हणालो, "लहानपणापासून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लहानपणापासून? मग इतकी वर्षं दाखवलं काहून नाही?"

"तो सोताचं सांगून राहिला, डॉक्टर," बाबा म्हणाले. "माह्या गाठीचं नाई."

डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी समजावलं. गाठ दुखत नाही, वाढली तरी फार हळू वाढेल. आत्ता कापाकापी नको, दर काही महिन्यांनी दाखवत राहा. मी ऐकत होतो, पण हात अजून खुर्चीला घट्ट धरून होता. बाबांच्या अंगात मात्र मास्तर शिरला होता. "मूळ अर्थ तोच," ते डॉक्टरांनाच शिकवू लागले. "लॅटिनमधला शब्द. दुखणं, त्याच्या आधी नकार. जे दुखत नाही ते. मंग जो अंगाले तोशीस लावून घेत नाही, त्यालेही लोक तेच म्हणू लागले. तुमी डॉक्टरांनी जुना अर्थ सांभाळून ठेवला."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"सांगनार होतो. तू झोपला होता."

या उन्हाळ्यात अकोल्याला गेलो. सकाळी टाकी भरली आणि दुपारी बाबांशेजारी आडवा झालो. ते कुशीवर होते, गाठ माझ्याच बाजूला. मी ती पाहत होतो. होती तेवढीच वाटली. वाळ्याचा ओला वास येत होता. माझा डोळा लागणार, तेवढ्यात कूलरमधला पाण्याचा आवाज बदलला.

"टाकी," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"उठतो," मी म्हणालो आणि आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो.