म्हात्रेकाकूंच्या दारातले चार हंडे

आज सोसायटीची टाकी धुतली जात होती. ब्लीचिंग पावडरचा उग्र वास जिन्यातून वर आला आणि मी कामोठ्यातल्या आमच्या पहिल्या इमारतीत जाऊन पोहोचलो.

तेव्हा पाणी दिवसाकाठी अर्धाच तास येई. मी सेक्रेटरी होतो. दोन्ही विंगांच्या व्हॉल्व्हची चावी माझ्याकडे असे. त्या उन्हाळ्यात आमच्या ए विंगला मी गुपचूप दहा मिनिटे जास्त देत होतो.

एका सकाळी बी विंगच्या म्हात्रेकाकू दारात आल्या. त्यांची सून बाळंतीण होती.

"दादा, बालाचं कपडं धवाला पन पानी नाय. तुमचे विंगला येतं, आमाला का नाय?"

"प्रेशरच कमी आहे, काकू," मी म्हणालो.

माझी पत्नी भरलेला हंडा कमरेवर घेऊन बाहेर आली. "प्रेशर नाही हो, काकू. हे तुमची चावी लवकर बंद करतात. चला, हे घेऊन जाऊ."

जिन्यातले शेजारी ऐकत होते. तिने एकामागून एक चार हंडे बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचवले. घामाघूम होऊन परतली आणि म्हणाली, "उद्यापासून चावी काकूंकडे. सेक्रेटरी तुम्हीच राहा, हवं तर."

तिने चारचौघांत माझा अपमान केला, हा सल मी कित्येक वर्षे जपला. त्याची आता लाज वाटते.

अजूनही एखादा जुना शेजारी म्हणतो, "तुमच्या काळात सगळ्यांना सारखं पाणी मिळायचं!"

"माझ्या नव्हे, हिच्या काळात," असे त्याला सांगताना माझी मान ताठ होते.