पेंढ्याचं पारडू

कोल्हारमध्ये कुणाच्या गोठ्यात पारडू दगावलं की डॉक्टरच्या मागोमाग फोन जातो तो सहादेवला. म्हशीचं मन मोठं हट्टी. पिल्लू दिसलं नाही की ती दूध वर ओढून घेते, कासेला हात लावू देत नाही. मग सहादेव त्या मेलेल्या पारडाचं कातडं सोडवतो, मीठ आणि राख चोळून सावलीत वाळवतो, आत पेंढा भरतो आणि शिवून पारडू उभं करतो. म्हैस ते हुंगते, चाटते, आणि चाटता चाटता पान्हा सोडते. सहादेवचे वडील चामड्याच्या मोटा शिवायचे. विहिरींवर पंप बसले, मोटा गेल्या; त्यांची दाभण तेवढी लेकाकडे राहिली.

गावाला चेष्टेला बरंच सापडतं. "नाना, यमाच्या दारातनं माघारी आणता तुमी," बन्सी न्हावी म्हणतो, "आमच्या सासूचं बी बघा की जमतंय का. जीभ तेवढी बसवू नका."

"जीभ म्या कुनालाच बसवत न्हाई," सहादेव म्हणतो. "म्हनून तर म्हशी खूश असत्यात."

पारडू देऊन तो मोकळा होत नाही. म्हैस पारडाला विसरेपर्यंत रोज संध्याकाळी त्या गोठ्यात जायचं, कुठे उसवलंय का पाहायचं, पेंढा ओला झाला असेल तर बदलायचा. बायको भीमाबाई वैतागते. "बाळंतिणीला बघाया जावं तसा जातोय हा मानूस!"

"म्या उभं केलंय ते. म्याच बघाया नको व्हय?"

यंदा केशरबाईच्या म्हशीचं पारडू गेलं तेव्हा मात्र गडबड झाली. घरात ती एकच म्हैस, आणि केशरबाईने तिला लहानाची मोठी केलेली. "सहादेवा, आजच दे बाबा, ती वरडून वरडून मरंल," म्हणून तिने घाई केली. कातडं पुरतं वाळलं नव्हतं. शिवताना मानेपाशी फाटलं. टाका मारला तर मान एका बाजूला पिळली गेली, ओठ वर ओढला गेला, आणि त्या तोंडावर असं काही हसू आलं की सहादेवचाच हात थांबला. चाळीसेक पारडी केली असतील त्याने, पण आपणच केलेल्या वस्तूकडे बघवत नाही असं कधी झालं नव्हतं. त्याने ते पोत्यात गुंडाळून नेलं, गोठ्यात ठेवलं आणि रानात पाणी द्यायचंय असं सांगून निघून आला. पुढे रोजची फेरीही मारली नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिला.

म्हशीला वाकडंतिकडं काही दिसलं नाही. तिने ते पारडू चाटून चाटून चकचकीत केलं. पण धार काढायची केशरबाईची सून, धनश्री. संगमनेरची, नवी, शिकलेली. बादली घेऊन बसली की ते तोंड नेमकं तिच्याकडे. ती पदराने डोळे झाकून धार काढायची. माहेरची माणसं येणार होती त्या दिवशी तिने ते काठीने ढकलत गोठ्यामागे उकिरड्यावर टाकलं. पाहुणे चहा पीत असतानाच कुत्र्यांनी ते फाडलं, आणि म्हशीने दावणीतून ते पाहिलं.

त्या दिवसापासून तिने वैरणीला तोंड लावलं नाही. डॉक्टर येऊन तपासून गेले. आजार काही सापडेना. पाणीसुद्धा ती नुसतं हुंगून सोडायची. केशरबाई सहादेवच्या दारात आली. "डोळं आत गेलं रं तिचं," एवढंच म्हणाली.

सहादेव गेला. उकिरड्यावरून कातड्याचे तुकडे गोळा केले. धनश्री दारात उभी होती, रडून नाक लाल.

"नाना, चूक माझी. मला भीती वाटायची त्याची."

"मला बी वाटली," सहादेव म्हणाला. "तू तर परकी, पोरी. करनारा म्या. म्याच तोंड फिरवून गेलो, मग तू काय करनार?"

"परत शिवता येईल?"

"न्हाई. ऱ्हायलंय काय त्यात."

पाठीचा एक मोठा तुकडा बरा होता. सहादेवने तो झटकला, उपरण्यासारखा खांद्यावर घेतला आणि गोठ्यात शिरून म्हशीच्या तोंडापुढे उकिडवा बसला. साठी उलटलेला माणूस, गुडघे कडाकडा वाजले. केशरबाईला एरवी हसू आवरलं नसतं.

म्हैस कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग नाकपुड्या हलल्या. तिने मान खाली घातली, खांदा हुंगला, हुंगतच राहिली, आणि खालून वर अशी लांब जीभ फिरवली. कातडं, मान, कान, टोपी. टोपी शेणात पडली. सहादेव हलला नाही. हळूच हिरव्या मक्याची पेंडी त्याने पोटाशी धरली. चाटता चाटता म्हशीने एक पान ओढलं. मग दुसरं.

"खाल्लं!" केशरबाई ओरडली आणि पदर तोंडात कोंबला.

सहादेवने मान न वळवता हाक मारली. "सूनबाई, ये."

"मी?"

"रोजची धार तुझी हाय. म्या म्हातारा किती दिस पारडू होनार? तुझा वास लागू दे तिला."

धनश्री जागची हलेना. त्या कातड्याच्या कडेला अजून त्या मानेचे टाके लोंबत होते. सहादेव वाट पाहत राहिला. घाई केल्यावर काय होतं ते त्याला आता ठाऊक होतं. शेवटी ती आली. त्याच्याशेजारी बसली आणि डोळे मिटून खांदा पुढे केला. त्याने कातडं तिच्या अंगावर घातलं, टाक्यांची बाजू आत दुमडली आणि आपण सरकला.

म्हैस फुसफुसली, एक पाय मागे घेतला. मग त्या जिभेने तिचा गाल, केस, टिकली सगळं पुसून काढलं.

"खरखरीत आहे हो, नाना!"

"आईची हाय," सहादेव म्हणाला. "सोस जरा."