दारणेची वाळू

डिझेलचा वास आला की माझ्या पोटऱ्या आवळतात. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता, नदीवर वीज आली नव्हती. दारणेच्या ओल्या वाळूवर दिरांनी पाण्याचं इंजिन सुरू केलं, मी शेजारी पाइप धरून उभी. हादऱ्यांनी वाळू पेजेसारखी पातळ झाली आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले. दिरांनी घाबरून इंजिन बंद केलं. मग वाळूतलं पाणी बुडबुडत वर आलं, खाली वाळू बसत गेली, पाय चिणल्यासारखे झाले. दीर ओढू लागले. "वढू नको, पाय मोडंल तिचा. इंजिन चालू कर," काठावरून धावत आलेले सासरे म्हणाले. त्यांच्यासमोर बोलायची रीत नव्हती, त्यामुळे मला नकोसुद्धा म्हणता आलं नाही. वाळू पुन्हा थरथरली, सैल झाली, दिरांनी मला उपसून काढलं. आता नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये मिक्सर थांबला तरी मी आधी पायांची बोटं हलवून बघते.