प्रवीणचे दगड

शकुबाई वाघाला दगड मारायची, असं आमच्या गावात अजूनही कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. या गावच्या शाळेत माझी हयात गेली. ज्यांना मी अक्षरं गिरवायला शिकवली, तेच असं बोलतात. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकते.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथे. शकुबाई आणि दादाजी या नवराबायकोची तिथे थोडी शेती होती, आणि प्रवीण नावाचा एकुलता एक मुलगा. प्रवीण माझा विद्यार्थी. अभ्यासात यथातथाच, पण शिट्टी अशी वाजवायचा की अख्खा वर्ग पाढे विसरायचा. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तो एकटाच मोहफुलं वेचायला गेला. खाली वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जुनी माणसं सांगतात. टोपली तशीच भरलेली सापडली. जे काही मिळालं ते दादाजीने नदीवर नेऊन जाळलं, आणि वर्षाच्या आत तोही हाय खाऊन गेला.

वाघाने माणूस नेला तर आमच्याकडे त्या जागेवर दगड ठेवतात. त्या वाटेने येणारा-जाणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो, दगड नसला तर झाडाची डहाळी. गेलेला माणूस तिथे एकटा पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या चिखलाच्या मुलखात दगड सहजासहजी मिळत नाही. शकुबाई नाल्यातून हुडकून, ओटीत घालून आणायची. चार-पाच वर्षांत कमरेएवढा ढीग झाला. दगड ठेवला की ती तिथेच बसायची आणि प्रवीणशी बोलायची. धान कसं आलंय, गाय व्याली की नाही, कोणाचं लग्न ठरलं, सगळं त्याला सांगायची.

मग वनखात्याने त्याच जागेवर उद्यान करायचं ठरवलं. गावातल्या मुलांना खेळायला जागा मिळावी आणि खेळता खेळता जंगलाची ओळख व्हावी, असा बेत होता. जंगलात राहणाऱ्यांना जंगलाची ओळख! मला आधी हसूच आलं. पण खरं सांगायचं तर आमच्या पोरांना टीव्हीतला पेंग्विन माहीत होता आणि दाराजवळचं धावड्याचं झाड ओळखू येत नव्हतं. तेव्हा बेत काही वाईट नव्हता. आणि तो आखणारा साहेबही भला होता. तरुण पोरगा, नवी नोकरी. त्याने शाळेच्या ओसरीवर नकाशा पसरला आणि गावालाच विचारलं, तुम्हाला काय हवं ते सांगा.

पोरांनी झोपाळे आणि घसरगुंडी मागितली. आमच्या सरपंचाला, म्हणजे पत्रूला, मोठी कमान हवी होती आणि तिच्यावर स्वतःचं नाव. त्यावरून बरीच वादावादी झाली. सगळे थकल्यावर मागून शकुबाई उठली.

"साहेब, मले काई नको. माह्या पोराची जागा तेवढी राहू द्या."

साहेब तिच्याबरोबर चालत त्या ढिगाऱ्यापाशी गेला. मीही होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे शोधून एक दगड आणला आणि ढिगावर ठेवला. "बाई, पायवाट बाजूने नेऊ," तो म्हणाला. "इथे एक बाक ठेवू. कोणी हात लावणार नाही." शकुबाई त्याच्या पाया पडायला वाकली. तो लाजून मागे सरला.

त्याने शब्द मोडला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची बदली झाली, एवढंच. आमच्याकडे भला माणूस टिकत नाही, बदली मात्र टिकते. नंतर आलेला साहेब सावलीच्या कचेरीतूनच कारभार बघायचा.

उद्यानाच्या कामावर शकुबाई स्वतः घमेली वाहायला जायची. नव्या मजुराला ती आधी तो ढीग दाखवायची, मग माती टाकायची. पण पाऊस लागला आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. रोवणी म्हटली की आमच्या गावात घरी फक्त कुत्री राहतात. शकुबाईही चिखलात उतरली. मागे ठेकेदाराने बाहेरून माणसं आणली. उद्यानाच्या मधोमध वाघाचा पुतळा बसवायचा होता, त्याच्या चबुतऱ्याला दगड हवा होता, आणि चिखलामुळे ट्रॅक्टर येत नव्हता. दगड तर तिथेच रचून ठेवलेले.

रोवणी आटोपून शकुबाई परत आली तेव्हा ढीग नव्हता. त्याच जागी चबुतरा होता आणि चबुतऱ्यावर सिमेंटचा वाघ, नुकताच रंगवलेला.

"माह्या पोराची जागा कुठी गेली?" तिने विचारलं.

"अहो बाई, दगड वाया नाही घालवले," ठेकेदार म्हणाला. "सगळे आतच आहेत."

मी नंतर सावलीला जाऊन साहेबाशी भांडले. त्याने मला चहा पाजला, वाईट वाटलं म्हणाला, आणि आता फोडणं शक्य नाही म्हणाला. मला त्या चहाचा अजून राग येतो.

उद्यान सुरू झालं. शाळांच्या सहली येऊ लागल्या. झाडांवर नावांच्या पाट्या, पक्ष्यांची चित्रं, झोपाळे, सगळं छान होतं. पोरं खरोखर धावडा ओळखू लागली. शकुबाई पूर्वीसारखीच दगड घेऊन यायची आणि चबुतऱ्यावर, वाघाच्या पायाशी ठेवायची. बाहेरगावच्या पोरांनी ते पाहिलं. म्हातारी वाघाला दगड मारते, त्यांना वाटलं. लगेच ती पोरंही मारू लागली. पोरांचा तो खेळच झाला. एक दिवस वाघाचा कान तुटला.

चौकीदार बापूजीने शकुबाईला फाटकातच अडवलं. "तुह्या पोराले खाल्लं म्हनून सूड घेऊन राह्यली का?"

"सूड काऊन घेऊ?" ती म्हणाली. "त्याले भूक लागली होती. मी त माह्या पोरापाशी आली, बापू."

त्याने तिला आत जाऊ दिलं नाही. गावाला मात्र सुडाची गोष्टच आवडली, ती आजही चालू आहे. त्यानंतर शकुबाई रोज फाटकाबाहेर बसायची.

कान बसवायला वरोऱ्याहून अजीमभाई आले. हा वाघ त्यांनीच घडवला होता. साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. फाटकाबाहेर ही बाई कोण बसली आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली थापी खाली ठेवली. मग शकुबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, चबुतरा तयारच होता. मले कोनी सांगतलं नाई. आमच्यात कबरीवर मूठभर माती टाकतो आमी. अन् मी तुह्या पोराच्या कबरीवर वाघ बसवला." त्यांनी वाघाकडे हात केला. "सांग, आत्ता फोडतो. जे व्हायचं ते होऊ दे."

"नको फोडू, भाऊ. लेकरं खेळतेत तिथी," शकुबाई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्याचं तोंड तेवढं बंद करता येईन का?"

त्या वाघाचा जबडा उघडा होता. लाल जीभ, पांढरे सुळे. पोरं आत हात घालून फोटो काढायची, पुढच्या पायांवर चढून बसायची. उद्यानात सगळ्यात लाडकी जागा तीच. शकुबाईने मात्र वाघ बसल्यापासून त्या जबड्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं.

अजीमभाईंनी सिमेंट कालवलं. आधी कान बसवला, मग जबड्यात विटांचे तुकडे भरून वरून गिलावा केला. बापूजी धावत आला. तक्रार करीन म्हणाला. अजीमभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले, "कर बाबा. नाव अजीम, गाव वरोरा."

संध्याकाळी सहली गेल्यावर मी बापूजीला बाजूला केलं आणि शकुबाईला हाताला धरून आत नेलं. गिलावा अजून ओला होता. तिने तो बोटांनी चाचपला, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत, कुठे फट राहिली का ते बघत. मग ती चबुतऱ्याशी खाली बसली आणि दगडांना कान लावावा तसं डोकं टेकवलं.

"झोप बाबू आता," ती म्हणाली. "तोंड बंद केलं त्याचं."