वाटीभर मिठाचं पाणी

हे मी भावालाही सांगितलेलं नाही. आई गेल्यावर भेटायला आलेली माणसं म्हणत होती, मुलीनं आईचं फार केलं — आणि मी मान खाली घालून ऐकत होते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नव्हता.

आई वैरागची. अखेरची सहा वर्षं सोलापुरात माझ्याकडे होती. मी कॉलेजात शिकवते. घरात आम्ही दोघीच. तिच्या बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, पण आग राहिली. कापडाचा स्पर्शही सोसायचा नाही. पदर दोन बोटांनी अंगापासून दूर धरून ती घरभर फिरायची. बाहेरून मात्र काहीच दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या दुखण्यावर माणूस किती दिवस विश्वास ठेवतं?

गोळ्यांनी तिला गुंगी यायची. मग डॉक्टरांनी एक लहानसं यंत्र घरी दिलं. डोक्याला पट्टा, पट्ट्यात दोन स्पंज, ते मिठाच्या पाण्यात भिजवायचे आणि वीस मिनिटं मेंदूला अगदी सौम्य करंट. शॉक नव्हे, नुसत्या मुंग्या येतात. महिनाभर रोज करा, म्हणाले, मग बघू.

मीठ पाहून आईला भलतंच सुचलं. "अगं, तू तर माझी दृष्टच काढायलीस की!" त्या दिवसापासून त्याचं नाव दृष्ट. पाचला मी कॉलेजातून यायचे, तेव्हा टेबलावर मिठाच्या पाण्याची वाटी भरलेली असायची आणि आई केस विंचरून खुर्चीत बसलेली. ती वीस मिनिटं ती वैरागच्या गोष्टी सांगायची, मी पेपर तपासत हं हं करायचे.

ते मला जड जायला लागलं. सांगायचं ते एवढंच आहे का? नाही — अजून तिथे आले नाही.

मी एका पुस्तकात वाचलं होतं की असं यंत्र पारखताना काही रोग्यांना नुसताच पट्टा बांधतात, करंट सोडत नाहीत. एका संध्याकाळी मीही तसंच केलं. पट्टा बांधला. बटण दाबलं नाही. म्हटलं, "सुरू केलं गं."

"आल्या बघ मुंग्या," आई म्हणाली. उठताना तिनं पदर बोटांतून सोडला होता. "आज लई हलकं वाटतंय की."

तुम्हाला काय वाटलं असतं? मला राग आला. कॉपी करणारी मुलगी सापडल्यावर येतो तसा — आणि त्यात थोडा आनंदही होता. म्हणजे दुखणं खोटं. म्हणजे मी सुटले. सुटलेला पदर मला दिसला होता. तोच मी तिच्याविरुद्धचा पुरावा धरला.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत केलं. डॉक्टरांना म्हटलं, आईला काही फरक नाही. आईला म्हटलं, डॉक्टर म्हणाले, पुरे आता. दोन वाक्यं, दोन्ही खोटी. त्यानंतर ती दीड वर्ष जगली. कण्हली की मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे. एकदा तर म्हणाले, "आई, पुरे कर ना हे." तिनं पुरे केलं. पदर तेवढा बोटांत राहिला.

तिचे दिवस झाल्यावर तेच पुस्तक काढलं. माझी खूण जागच्या जागी होती. पुढचं पान मी उलटलंच नव्हतं. तिथे साधं लिहिलं होतं — करंट नसतानाही कुणाला आराम पडला, तर तो आराम खरा असतो, आणि त्याचं दुखणंही खरंच असतं. जन्मभर मुलांना बजावत आले, धडा अर्धा वाचू नका.

यंत्रानं ती बरी झाली असती का? माहीत नाही. महिन्यातले अकराच दिवस झाले होते.

आणखी एक आहे. यंत्र गेल्यानंतरही चार संध्याकाळी टेबलावर वाटी होती, आणि आई केस विंचरून खुर्चीत. तिला वाटलं असावं, यंत्र नसलं म्हणून काय झालं — दृष्ट काढायला वीज कुठे लागते? मी पाणी बेसिनमध्ये ओतलं, वाटी घासून पालथी घातली. चारही दिवस.

पाचव्या दिवशी वाटी मांडणीवरच होती.