कागदी विमानातली रिकामी जागा

सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या केळीच्या वाडीवरून जात, आणि मी हातातलं काम टाकून आकाशाकडे बघत बसे. विमान दिसेनासं झालं तरी माझी मान खाली येत नसे. शाळेत मास्तरीण झाले तरी ही खोड गेली नाही. "हिला एखादा पायलटच बघा," असं आई वैतागून म्हणायची.

एकाहत्तरच्या लढाईनंतर तसं स्थळ खरंच चालून आलं. शेजारच्या गावातल्या एका काकांचा मुलगा हवाई दलात होता. हवाई दलात म्हणजे विमान चालवणारच, हे आमच्या पंचक्रोशीने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या घराला सगळे 'पायलटचं घर' म्हणत. काका तर नाताळात दारावर ताऱ्याऐवजी बांबूच्या कामट्यांचं कागदी विमान टांगत. आत दिवा आणि पुढच्या जागेवर पुठ्ठ्याचा पायलट.

एका रविवारी चर्चमधली मिसा आटोपून बापलेक आमच्याकडे आले. चहा झाला, वाडीतल्या केळ्यांची सुकेळी झाली. अशा वेळी मुलीने मान खाली घालून बसायचं असतं, हे मला माहीत होतं. पण खराखुरा वैमानिक समोर बसलेला, मग कुठला धीर निघतोय! मी विचारलं, "विमान उलटं होतं तेव्हा आकाश कुठे दिसतं?"

आईने मला चिमटा काढला. मुलाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ठाऊक नाही. मी विमान चालवत नाही, इंजिनं दुरुस्त करतो."

काकांचा चेहरा पडला. त्यांनाही हे आजच कळत होतं. "बाबा, तुम्ही दारावर विमान टांगलंत, मग सांगायला जीभच उचलेना," तो म्हणाला.

माझीही निराशा झाली, खोटं कशाला सांगू? पण कुतूहल गप्प बसू देईना. "मग विमान वर गेल्यावर तुम्ही काय करता?"

"परत येईपर्यंत उभा राहतो. जाताना वैमानिक माझ्या खांद्यावर थाप मारून जातात. एवढ्या विश्वासाने जातात ती माणसं, की खाली बसवत नाही."

वैमानिकांच्या धाडसाबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. पण त्यांनाही कुणाच्या तरी भरवशावर वर जावं लागतं, हे कधी मनात आलं नव्हतं. मला तो आवडला. काका मात्र तडक उठले आणि निघाले. आता होकार कळवायचा तरी कसा, असं होऊन बसलं.

डिसेंबर लागला. घरोघरी तारे लागले, काकांच्या दारावर मात्र काहीच नव्हतं. शेवटी नाताळच्या आदल्या सकाळी मीच भीड सोडून त्यांच्याकडे गेले. काका ओसरीवर विमानाला कागद चिकटवत बसले होते. पुठ्ठ्याचा माणूस आता चाकापाशी, हातात पाना घेऊन उभा होता. पुढची जागा रिकामी होती.

"काका, इथे कोण बसणार?" मी विचारलं.

खळीचे हात पुसत ते म्हणाले, "तूच विचारत होतीस ना, उलटं झाल्यावर आकाश कुठे दिसतं? तू बस, आणि मग आम्हांला सांग."