अक्का, फोन इंजिनाजवळ धर

श्रीधर गेल्याचं मला त्याच्या बायकोच्या, सुनीताच्या भावानं, मनोहरनं कळवलं. गणपती उठले त्याच आठवड्यात. मी इथे देवासला भाजी निवडत बसले होते. "अक्का, आधी बसा," तो म्हणाला. मी म्हटलं, "बसलेलीच आहे, काय ते नीट सांगा." तर म्हणाला, "श्रीधरराव गेले. सकाळी चहा पिता पिता…" माझा धाकटा भाऊ, साठीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. मोठ्या बहिणीच्या आधी जातात का रे कुणी? जन्मभर माझ्या मागे मागे फिरलास आणि नेमका इथेच पुढे गेलास. महिना उलटून गेला, पण हा राग काही उतरत नाही. रडू येतं तेही रागानंच येतं.

मोटरसायकल चालवायला मला त्यानंच शिकवलं, धारच्या किल्ल्याखालच्या मैदानावर. मी शिकवायची ती शाळा कन्नौद रस्त्यावरच्या एका गावात, बस आली तर आली. "अक्का, कुणाच्या भरवशावर राहू नकोस," असं म्हणून त्यानं मला त्याच्याच गाडीसारखी जुनी गाडी शोधून दिली. साडी खोचून मोटरसायकलवर निघालेल्या बाई बघायला लोक दुकानाबाहेर येत. बघोत बापडे! पण ती गाडी अस्सल नाठाळ. अर्ध्या रस्त्यात बसली, की मी श्रीधरला फोन लावायची आणि वर त्यालाच झापायची, जणू बिघाड त्यानंच केलाय. तो बँकेत काउंटरवर असे, तरी शांतपणे म्हणे, "अरे भिया, ओरडू नकोस. फोन इंजिनाजवळ धर आणि किक मार." सख्ख्या बहिणीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा माणूस माळव्यातच मिळायचा! मी किक मारायची, तो ऐकायचा. मग म्हणे, "पेट्रोल पोचत नाहीये, कॉक बघ." नाही तर, "पेट्रोल आहे, करंट नाही. प्लग काढ." आणि गाडी सुरू झाली की पुन्हा फोन इंजिनाजवळ धरायचा, हा नियम. तो आवाज ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मला तरी कुठे पडत होती म्हणा…

खंडेनवमीला मात्र आमचं हमखास भांडण व्हायचं. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रांची पूजा. शस्त्रं राहिली ती मोठ्या सरदारांकडे, आमच्यासारख्या कारकुनांच्या घरात पक्कड, विळी आणि गाडी. मी आदल्या दिवशी गाडीला पाइप लावून न्हाऊ घालायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची… आणि दसऱ्याला सोनं वाटायला निघावं तर गाडी ढिम्म. "पाइपनं धुतलीस ना?" तो फोनवर विचारायचा. "अक्का, पूजा कर, अभिषेक नको करू! प्लगच्या टोपीत पाणी गेलं की करंट मरतो." दर वर्षी तो हेच सांगे आणि दर वर्षी मी तेच करी. त्याची बोलणी खाल्ल्याशिवाय माझा दसरा पार पडत नसे.

यंदा दसऱ्याला मी धारला गेले. माणूस गेलं की वर्षभर सण नाहीत, पण सुनीता आणि मुक्ता दोघीच घरात, राहवेना. अंगणात मनोहर दोर घेऊन उभा. मनावर गावाहून टेम्पो आणला होता त्यानं. बाहेर आलं की श्रीधरची गाडी दिसते आणि बहिणीचा बांध फुटतो, म्हणून तो ती घेऊन जायला आला होता. माणूस वाईट नाही. मुक्ता, माझी भाची, गाडीला चिकटून उभी. "आत्या, मामा म्हणतात स्टार्ट झाली तर राहू देतील, नाही तर आजच नेणार. बंद गाडी ठेवून काय करायचं, म्हणतात. मी सकाळपासून ट्राय करतेय. पापा एका किकमध्ये करायचे…" दसऱ्यामुळे सगळे मिस्त्री बंद. कॉलेजात शिकणारी पोर, पण बापाची गाडी वाचवायला तिच्याकडे कुणी नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

टाकी हलवली, पेट्रोल होतं. कॉक उघडा होता. प्लग काढला तर ओला, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवून धरला, मुक्तानं किक मारली. ठिणगी नाही. तेवढ्यात माझं लक्ष चाकाखालच्या चिखलाकडे गेलं. गाडी कशी लखलखीत होती! "सुनीता," मी हाक मारली, "गाडी धुतलीस का गं?" ती दारात आली. "काल पाइप लावला, वन्सं. वर्ष पाळायचं ते माणसांनी. गाडीची खंडेनवमी का चुकवायची? त्यांनी कधी चुकवली नव्हती…" ती आत निघून गेली. मला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. दोन घरांतल्या दोन बायका, खोड तीच. मुक्ताला म्हटलं, "काढ ती टोपी. आतून पूस, उन्हात ठेव."

टोपी वाळेपर्यंत मी प्लग पुसून कोरडा केला. मग ठिणगी आली, निळी, चांगली ठसठशीत. प्लग बसवला. मुक्तानं डोळे मिटून किक मारली. पहिली वाया गेली, दुसरी वाया गेली… तिसरीला गाडीनं धूर सोडला आणि धडधडायला लागली. मनोहरनं दोर टेम्पोत फेकून दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मुक्ता हँडलला मिठी मारून हमसाहमशी रडत होती. आणि मी? मी कमरेचा फोन काढला, श्रीधरचा नंबर लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला.

घरात फोन वाजला.

सुनीता तो रोज चार्ज करून ठेवते, हे मला कुठे माहीत होतं? घंटा थांबली आणि ती ओसरीवर आली, श्रीधरचा फोन कानाशी घट्ट धरून. बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मी फोन कानाला लावला.

"वन्सं, ते नाहीत हो," ती फोनमध्येच म्हणाली. मी समोरच उभी होते.

"हो गं. माहीत आहे," मीही फोनमध्येच म्हणाले.

फोन कुणीच ठेवला नाही.